जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा योग्य भाव

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकणारा माणूस तिची किंमत बहुधा दोन गोष्टींवरून ठरवतो: तसलीच नवी गिटार आज दुकानात कितीला मिळते आणि आपल्याला पैशांची किंवा जागेची निकड किती आहे. गिटारची प्रकृती या हिशेबात फारशी येत नाही, आणि आली तरी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांपुरतीच येते. बॉडीवर ओरखडे असतील, तारा काळ्या पडल्या असतील किंवा व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होत असेल, तर विकणारा स्वतःच ओशाळतो आणि हजार-दोन हजार रुपये उतरवतो. नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांडीला, आलेला पीळ, तिच्यावरचे झिजलेले फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किंवा तिच्या आतला जाम झालेला ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी सळई) यांची मात्र त्याला अनेकदा कल्पनाच नसते, त्यामुळे त्यांच्यापायी किंमत एका रुपयानेही कमी होत नाही. पहिल्या प्रकारचे सगळे दोष मिळून दोन-अडीच हजारांत निस्तरता येतात. दुसऱ्या प्रकारातला एकेक दोष गिटारच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडतो. गेल्या उन्हाळ्यात मी नागपुरात स्वतःसाठी गिटार शोधू लागलो, तेव्हा दिसायला वाईट पण हाडाने धड अशी गिटार गाठायची, एवढेच मनाशी पक्के केले होते.

अशी गिटार मिळण्याची शक्यता कुठे अधिक असते, हे ती कोणाच्या हातून येते त्यावर अवलंबून आहे. लग्नसराईत आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवणारे ऑर्केस्ट्राचे वादक आपले वाद्य नीट सांभाळतात. तारा वेळेवर बदललेल्या असतात, केबल जोडायचा जॅक घट्ट असतो, आवाज स्वच्छ येतो, परंतु वर्षानुवर्षे रोज वाजल्यामुळे फ्रेट मात्र झिजलेले असतात. विद्यार्थ्यांच्या गिटारची गोष्ट नेमकी उलटी असते. बजाजनगर, प्रतापनगर, हिंगणा रोड या बाजूंना भाड्याच्या खोल्यांत राहणारी अभियांत्रिकीची मुले मे महिन्यात शेवटची परीक्षा आटोपली, की कूलर, गादी आणि सायकलीबरोबर गिटारही विकायला काढतात, कारण नोकरीच्या गावी रेल्वेने ती नेण्याचा उपद्व्याप कोणालाच नको असतो. त्यात २०२० च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेल्या आणि चार कॉर्ड शिकून पलंगाखाली सरकवलेल्या गिटारींची भर पडली आहे. या गिटार अस्वच्छ असतात, त्यांच्या तारा बोटांना टोचतात, पण फ्रेटवर जवळजवळ काहीच झीज नसते. मला हवी होती ती याच जातीची.

कोणती कंपनी घ्यावी, या प्रश्नावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते पहिल्या इलेक्ट्रिक गिटारसाठी यामाहाची पॅसिफिका, स्क्वायरची स्ट्रॅटोकास्टर, आयबानेझची जिओ मालिका किंवा कॉर्टची कोणतीही साधी गिटार यांत फरक आहे तो आवाजाच्या ढंगाचा. दर्जाचा फरक त्या मानाने थोडा. एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गिटारींत जेवढे अंतर असते, तेवढे या कंपन्यांमध्ये नसते. स्क्वायर हे फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीचेच स्वस्त भावंड आहे, आणि तिच्या हेडस्टॉकवरील (नेकच्या टोकाच्या, तारांच्या खुंट्या असलेल्या भागावरील) क्रमांकाच्या सुरुवातीला ‘आयसीएस’ अशी अक्षरे असतील तर ती इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात तयार झालेली असते. त्यापुढचे दोन अंक सहसा वर्ष सांगतात. ‘वर्षभरच झाले घेऊन’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर या अंकांवर एक नजर टाकलेली बरी.

गिब्सनच्या लेस पॉल घाटाच्या गिटारबद्दल मात्र वेगळी सावधगिरी बाळगावी लागते. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या रचनेत नेक बॉडीला चार स्क्रूंनी कसलेली असते आणि हेडस्टॉक नेकच्या सरळ रेषेत असतो. नेक अगदीच बिघडली तर ती उतरवून दुसरी बसवता येते. लेस पॉल १९५२ मध्ये आली, तिच्यात नेक बॉडीत सरसाने चिकटवलेली असते आणि हेडस्टॉक मागे कललेला असतो. त्यामुळे गिटार स्टँडवरून पाठीवर पडली, की नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा जिच्या खाचांत टेकतात त्या पट्टीच्या) मागे, जिथे लाकूड सर्वांत पातळ असते, तिथेच ती मोडते. गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोन कंपनीच्या अनेक मॉडेलांनाही हे लागू आहे. म्हणून अशी गिटार हातात आली, की आधी ती उलटी करून नटच्या मागच्या बाजूवर उजेड तिरका पाडावा आणि अंगठ्याचे नख हळूच फिरवावे. रंगाखाली केसाएवढी रेघ लागली तर ती गिटार बहुधा एकदा मोडून जोडलेली आहे. नीट जोडलेली गिटार पुढे अनेक वर्षे वाजू शकते, परंतु तिची किंमत न मोडलेल्या गिटारची असू नये. आणखी एक गोष्ट या ओघात सांगतो. कोलकात्याच्या गिवसन कंपनीच्या गिटारींवर आपल्याकडे कित्येकांचे हात बसले आहेत आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही. जाहिरात देणारा मात्र तीच गिटार ‘गिब्सन’ म्हणून लिहीत असेल, तर त्याच्या बाकीच्या दाव्यांनाही त्याच मापाने मोजावे.

आता नेककडे वळतो, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. गिटार वाजवण्याच्या स्थितीत, आडवी न ठेवता, कुशीवर धरावी आणि ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) बाजूने किंवा हेडस्टॉकच्या बाजूने एक डोळा मिटून फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीच्या, दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्याच किंचित वाकलेल्या असतील तर काळजीचे कारण नाही. तारांचा ताण नेकला पुढे ओढत असतो आणि आतला पोलादी ट्रस रॉड तिला मागे खेचत असतो, म्हणून एवढा बाक हवाच. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली, तर नेकला पीळ बसलेला आहे, आणि ट्रस रॉडने पीळ सुटत नाही. अशी गिटार कोणी फुकट दिली तरी घेऊ नये, असे मी म्हणेन. बाक किती आहे हे मोजायला उपकरण लागत नाही. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी, म्हणजे ती तारच सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फट याहून जास्त किंवा अजिबात नसली तरी लगेच नाक मुरडू नये. ट्रस रॉडची चावी पाव फेरा फिरवून ती दुरुस्त होत असेल तर तो दोषच नव्हे. परंतु चावी फिरतच नसेल, चावी बसते त्या रॉडच्या टोकाचे कंगोरे झिजून गेले असतील किंवा रॉड आधीच शेवटपर्यंत कसलेला असेल, तर पुढे सोपा उपाय उरत नाही. चावी फिरवण्यापूर्वी मालकाची परवानगी विचारावी, आणि तो नाही म्हणाला तर त्याचेही मनाशी काय ते उत्तर काढावे.

फ्रेटची झीज पाहायची ती पहिल्या तीन-चार फ्रेटवर, आणि तीही बारीक तारांखाली, कारण शिकणारा माणूस सुरुवातीच्या कॉर्ड तिथेच धरतो. तार थोडी बाजूला सारून फ्रेटच्या माथ्यावर नख फिरवावे. ते एखाद्या खाचेत अडकले तर झीज खोल आहे. वरवरची झीज सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणल्याने जाते. त्या पलीकडे गेलेले फ्रेट उपटून सगळेच्या सगळे नवे बसवावे लागतात, आणि अशा कामासाठी मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी पुण्या-मुंबईचेच नाव सांगितले. जाण्यायेण्याचा खर्च धरला, तर साध्या गिटारच्या बाबतीत हा व्यवहार परवडत नाही. झीज डोळ्यांनी कळली नाही तरी कानांनी कळते. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, एकही न वगळता, सावकाश वाजवावी; एखाद्याच ठिकाणी तार झणझणत असेल तर तिथला किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उंचसखल आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढे बारीक तार ओढून सूर वर चढवताना तो मध्येच गुदमरला, तरीही कारण तेच.

इथे नागपूरचे हवामान मध्ये येते, आणि इंटरनेटवरचे सल्ले वाचताना आपल्याला ते स्वतःच जोडून घ्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा दुपारच्या हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर आलेली असते, तर ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर जाते. फ्रेटबोर्डचे लाकूड कोरड्या हवेत आकसते. धातूचे फ्रेट मात्र आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके कडेने बाहेर येतात आणि तळहाताला करवतीसारखी लागतात. मुंबईच्या दमट हवेत वाढलेली गिटार एप्रिलमध्ये नागपुरात आली, की हे हमखास होते. गेले दोन-तीन उन्हाळे इथेच काढलेल्या गिटारच्या बाबतीत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते, शिवाय तिच्या ब्रिजचे स्क्रूही समुद्रकाठच्या गिटारसारखे गंजलेले नसतात. टोचणारी फ्रेटची टोके कानशीने घासून काढणे हे सोपे काम आहे, पण ऐकणाऱ्याला ते भयंकर वाटते, त्यामुळे भाव करताना त्याचा उपयोग होतो. कूलरची बाब निराळी. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा दिवसभर गिटारवर पडत असेल, तर भर उन्हाळ्यात नेक पावसाळ्यात असल्यासारखी फुगते आणि तारा उंच भासतात; बाहेरच्या कोरड्या हवेत चार दिवस राहिल्यावर तीच गिटार वेगळी वागते. म्हणून गिटार कुठे ठेवलेली होती, हे विचारायला मी विसरत नाही.

फ्रेटबोर्डच्या लाकडाबद्दल थोडे विषयांतर करतो. २०१७ मध्ये शिसवाच्या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची बंधने आली आणि गिटार कंपन्या पर्याय शोधू लागल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ नावाचे लाकूड रूढ झाले होते. हे लाकूड म्हणजे आपला ऐन. पेंच आणि ताडोब्याच्या जंगलात मगरीच्या पाठीसारखी साल असलेले जे झाड गाइड हमखास दाखवतात, तेच. जाहिरातीत ‘रोझवूड नाही’ म्हणून कोणी नाराजी दाखवत असेल, तर विदर्भातल्या माणसाने तरी त्यात सामील होऊ नये. लाकूड चांगले टणक आहे.

विजेच्या भागाची तपासणी त्या मानाने लवकर आटोपते. स्वतःची केबल आणि हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प बरोबर न्यावा, म्हणजे ‘आमची केबलच खराब आहे’ हे कारण ऐकावे लागत नाही. पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) निवडणारा स्विच प्रत्येक जागी ठेवून आवाज येतो का ते पाहावे, आणि शंका वाटल्यास पिकअपच्या खिळ्यांवर लहानसा स्क्रूड्रायव्हर अगदी हळूच टेकवावा. स्पीकरमधून टकटक ऐकू आली तर पिकअप जिवंत आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तो मेला तर बदलावाच लागतो, आणि तो खर्च खरा असतो. बाकीच्या तक्रारी मात्र स्वस्त आहेत. बटणाची खरखर आत साचलेल्या धुळीमुळे होते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बहुधा जाते. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅकचा पत्रा सैल झालेला असतो. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपची गुणगुण हा दोष नव्हेच, तो ५० हर्ट्‌झच्या विजेचा आवाज आहे. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर अर्थिंगची जोडणी शाबूत आहे असे समजावे. विकणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते आणि या गुणगुणीपायीच त्यांनी गिटार बाजूला टाकलेली असते.

मला पसंत पडलेली गिटार बजाजनगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. यामाहाची पॅसिफिका ११२, बावीस फ्रेट, ब्रिजपाशी हंबकर (गुणगुण मारणारा दुहेरी वेटोळ्याचा पिकअप) आणि पुढे दोन सिंगल कॉइल. तारा इतक्या काळ्या झाल्या होत्या, की वाजवल्यावर बोटांना रंग लागत होता. बॉडीच्या खालच्या कडेला रंगाचा टवका उडालेला होता आणि जॅकपाशी केबल हलली की आवाज जात होता. मुलगा प्रामाणिक होता. ‘काका, दोन वर्षांपासून हातच नाही लावला न हिला,’ तो म्हणाला, ‘चौदा हजार लिहिले मी, पण तुम्ही सांगा काय ते.’ मी खिडकीपाशी जाऊन नेकच्या कडा पाहिल्या, फ्रेटवर नख फिरवले, मोबाइलवरचा ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटचा सूर तपासला. या गिटारची तार नटपासून ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर असते आणि बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथे दाबलेला सूर आणि तिथेच नुसता स्पर्श करून काढलेला सूर एकच यायला हवा. दोन तारांवर तो किंचित चढा होता, म्हणजे ब्रिजच्या स्क्रूचे काम. नेक सरळ होती आणि ट्रस रॉड अलगद फिरला. वाईट जे जे होते ते सगळे समोर दिसत होते.

भाव करताना मी गिटारला नावे ठेवली नाहीत. तारा, जॅक, सफाई आणि सेटअप (तारांची उंची आणि सूर जुळवून घेणे) या चार कामांचा अंदाजे खर्च त्याला तोंडी मांडून दाखवला, तशीच नवी पॅसिफिका तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास होती हेही मान्य केले, आणि दहा हजार म्हटले. शेवटी १०,५०० वर जमले. ‘अ‍ॅम्पपण घेऊन जा काका, मी कुठे नेऊन राहिलो आता,’ असे म्हणून त्याने कोपऱ्यातला दहा वॅटचा अ‍ॅम्पही पुढे केला. तो मी वेगळे १,५०० रुपये देऊन घेतला. गिटारबरोबर अ‍ॅम्प, पट्टा, पिशवी आणि इफेक्टचा डबा असे एकत्र बांधून मोठी रक्कम सांगण्याची पद्धत असते, तेव्हा प्रत्येक वस्तूचा भाव सुटा विचारावा, नाहीतर शंभर रुपयांच्या पट्ट्याचे पाचशे कधी मोजले जातात ते कळत नाही. त्याच्याकडे मूळ बिलाचा फोटो होता. तो नसता तर साध्या कागदावर गिटारचा क्रमांक, रक्कम आणि सही घेतली असती.

पैसे दिले ते गिटार हातात आल्यावरच. ‘मी फौजेत आहे, बदली झाली आहे, कुरिअरने पाठवतो, आधी थोडी रक्कम टाका’ असा निरोप मलाही एका विक्रेत्याकडून आला होता, आणि कामठीला छावणी असल्यामुळे नागपूरकराला तो खराही वाटू शकतो. जी गिटार पाहता येत नाही तिचा भाव करू नये. जे स्वतःची गिटार विकणार आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही; तो टाकायला सांगणारा माणूस तुमच्याच खात्यातून पैसे काढत असतो.

दुरुस्तीचा हिशेब अंदाजाप्रमाणेच निघाला. ९ ते ४२ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांच्या संचाला ६५० रुपये, नवा जॅक आणि कॉन्टॅक्ट क्लीनर यांना मिळून ४५० आणि सेटअपला १,२०० लागले, म्हणजे गिटार मला १२,८०० ला पडली. टवक्यावर मी रंग लावला नाही, कारण तो लावल्यावर अधिकच उठून दिसतो. कारागिराने बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान आणून दिली होती. जुलैत पाऊस लागल्यावर नेक थोडी पुढे वाकली आणि तारा उचलल्यासारख्या वाटू लागल्या, तेव्हा चावीचा पाव फेरा मी घरीच कसला. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली, की तो उलटा सोडावा लागेल. तोवर गिटार पिशवीत घालून आतल्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात कूलरचे तोंड तिच्याकडे असणार नाही एवढी व्यवस्था आताच करून ठेवली आहे.